प्रौढांच्या वर्गासाठी चित्रतक्ते : ऑर्डर देण्याआधी वाचावं असं

बडोद्याच्या दांडिया बाजारात आमचा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं हे मूळ काम. त्यातच गेली काही वर्षं मोठ्या माणसांच्या वर्गांसाठी तक्ते, शब्दकार्डं आणि उलटतक्ते (एकेक पान उलटत दाखवायचे फ्लिपचार्ट) करतो. साक्षरता वर्ग घेणाऱ्या ताई येतात, सखी मंडळांच्या (बायकांच्या बचतगटांच्या) कार्यकर्त्या येतात, मकरपुऱ्याच्या कारखान्यांतून नव्या कामगारांना शिकवणारे सुपरवायझर येतात. बहुतेकांची मागणी एकच असते, "एक छान रंगीत तक्ता करून द्या." तक्ता छान तर आम्ही करूच. तो कुणासाठी, कुठे टांगायचा, त्यासमोर बसून काय बोलणं व्हायला हवं, हे आधी ठरलं तर तुमचे पैसे वाया जात नाहीत.

अननस, ससा आणि हसरा सूर्य

बाजारात तयार तक्ते मिळतात ते बालवाडीचे. पन्नाशीच्या बाईंना अननस म्हणजे काय ते ठाऊक असतं; त्यांना लाइटबिलावरची तारीख वाचायची असते, नातवाच्या औषधाच्या बाटलीवरचं नाव वाचायचं असतं, सिटी बसची पाटी वाचायची असते. वर्गात येतानाच त्या संकोचून आलेल्या असतात, शेजारणीनं पाहू नये म्हणून वही पिशवीत तळाशी ठेवलेली असते. समोरच्या भिंतीवर टोपी घातलेला ससा दिसला की तो संकोच दुणावतो. म्हणून आमच्या चित्रांतली माणसं शिकणाऱ्यांच्याच वयाची असतात आणि जागा ओळखीच्या : खंडेराव मार्केटमधली भाजीची टोपली, रेशनच्या दुकानाची रांग, ओट्यावर बसून तांदूळ निवडणाऱ्या दोघी. कारखान्यासाठी तक्ता हवा असेल तर तुमच्याच कारखान्यातल्या मशीनचे फोटो काढून आणा. चित्रकार त्यावरून रेखाटन करतो, आणि कामगाराला आपलं मशीन लगेच ओळखता येतं.

चित्राखाली ओळ का नसते

हा प्रश्न प्रत्येक वेळी निघतो. रेशनच्या रांगेचं चित्र आहे, त्यात एक बाई पावतीकडे पाहते आहे, दुसरी हातातले पैसे मोजते आहे. खाली "रेशनची रांग" असं छापलं की बोलणं संपलं; वाचता न येणारी वाट पाहत बसते की ताई ते कधी वाचून दाखवतात. ओळ नसली की कुणीतरी म्हणतं, "हिला पैसे कमी पडलेत." दुसरी म्हणते, "नाही, पावतीवर आकडा चुकलाय." या बोलण्यातूनच "पावती", "आकडा", "पैसे" हे शब्द वर येतात, आणि मग ते शब्द वेगळ्या कार्डांवर समोर ठेवायचे. ब्राझीलमध्ये शिक्षणतज्ज्ञ पावलो फ्रेरे यांनी १९६३ साली अँजिकोस गावातल्या मजुरांना शिकवताना हाच क्रम धरला होता : आधी त्यांच्याच जगण्यातलं चित्र, त्यावर मनमोकळी चर्चा, मग शब्द, मग शब्दाचे तुकडे. म्हणून आम्ही चित्र आणि शब्दकार्डांचा संच एकत्र देतो, पण दोन्ही एकाच कागदावर छापत नाही.

या कामाची मुळं बडोद्यात जुनी आहेत. सयाजीराव महाराजांनी अमरेलीत १८९३ साली सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ पासून ते बडोदा संस्थानभर लागू झालं, हे आपल्यापैकी बहुतेकांना माहीत असतं. १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेहून बोर्डन नावाच्या ग्रंथपालांना बोलावून ग्रंथालयांचं जाळं उभं करायला घेतलं. लाकडी पेट्यांमधली फिरती वाचनालयं गावोगाव जाऊ लागली. त्याच ग्रंथालय खात्यात चित्रांतून शिक्षण देणारी एक स्वतंत्र शाखा होती. ज्यांना अक्षरओळख नाही त्यांच्यापर्यंतही ज्ञान जावं म्हणून ती चित्रं दाखवत असे. या शहरात हे काम करताना आम्हाला त्या शाखेची आठवण ठेवावीशी वाटते.

मराठी घरातून गुजराती पाटीकडे

हा आमचा सर्वात जास्त विचार झालेला संच. माहेरी महाराष्ट्रात दोन-तीन इयत्ता शिकलेल्या, लग्न होऊन बडोद्यात आलेल्या कितीतरी जणी आहेत. देवनागरी थोडी लागते, पण दुकानाची पाटी, बसचा फलक, शाळेतून आलेली चिठ्ठी सगळं गुजरातीत. त्यांना पुन्हा "क"पासून सुरुवात करायला लावणं फार जड जातं, कारण गुजराती "क" देवनागरीहून अगदीच निराळा दिसतो. "अ", "ज", "ब", "ल" यांचंही तेच. उलट घ, र, न, ग, म, प, व, स ही अक्षरं शिरोरेघ काढून टाकली की जवळजवळ तीच राहतात. म्हणून आमचा पहिला तक्ता "घर" या शब्दाचा आहे. दोन्ही भाषांत शब्द तोच, अर्थ तोच, अक्षरंही ओळखीची. गुजराती शब्द खाली छापलेला असतो. वर शिरोरेघेची पारदर्शक पट्टी असते, ती ठेवली की देवनागरी शब्द दिसतो, उचलली की गुजराती शब्द उरतो. त्यानंतर "नगर", "गरम", "सागर". पहिल्याच दिवशी चार गुजराती शब्द वाचून घरी गेलेली बाई दुसऱ्या दिवशी येतेच, असं हे वर्ग घेणाऱ्या ताई सांगतात. अनोळखी अक्षरं मग एकेक करून, ओळखीच्या अक्षरांच्या सोबतीनं आणायची.

आकड्यांबाबत मात्र सांभाळा. गुजराती "प" आणि पाचाचा आकडा जवळजवळ सारखे दिसतात, "र" आणि दोनाचा आकडाही. म्हणून आकड्यांची कार्डं पिवळ्या पुठ्ठ्यावर आणि अक्षरांची पांढऱ्यावर, आणि दोन्ही एकाच तासाला काढू नयेत.

आमची एक चूक

जुलाब झालेल्या मुलाला घरच्या घरी मीठ-साखरेचं पाणी कसं करून द्यायचं, याचा तक्ता आम्ही केला होता. प्रमाण असं : एक लिटर स्वच्छ पाणी, सपाट सहा चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. आम्ही ओळीनं सहा चमचे काढले, प्रत्येकात साखर. वाडी भागातल्या वर्गात तक्ता लावला तेव्हा एका आजींनी विचारलं, "एवढे सहा चमचे कुणाकडे असतात?" त्यांचं बरोबर होतं. चित्रात चमचे सहा होते. एकच चमचा सहा वेळा बुडवायचा, हे चित्रात कुठेच नव्हतं. शेजारी चुकीच्या पद्धतीवर फुली मारलेलं चित्र होतं, ती फुली दोघींना भांड्याखालची लाकडं वाटली. आम्ही सगळे तक्ते परत घेतले. नव्या तक्त्यात भांडं मध्ये आहे, एकच हात आणि एकच चमचा आहे, आणि ताटलीत साखरेच्या सहा ढिगल्या आहेत. हात खांद्यापासून काढलेला आहे, कारण नुसता मनगटापासूनचा पंजा लोकांना तुटलेला वाटतो. पाण्याचं माप म्हणून सगळ्यांच्या ओळखीची एक लिटरची बाटली. फुलीचं चित्र काढूनच टाकलं. चुकीचं दाखवायचं असेल तर ते वेगळ्या कागदावर घ्या आणि तोंडानं सांगा.

बाणांचंही असंच. शाळेत गेलेल्याला बाण म्हणजे "यानंतर हे" असं वाटतं, इतरांना तो नुसता बाण. क्रम दाखवायचा असेल तर आम्ही सुटी कार्डं देतो. शिकणारे स्वतःच ती लावतात आणि चुकली तर हलवतात.

मापं, कागद, दिवे

चाळिशी लागलेली असते आणि चष्मा नसतो. भिंतीवरच्या तक्त्यासाठी आमचा नियम : दर १० फूट अंतरामागे अक्षराची उंची किमान १ इंच. शेवटची रांग १५ फुटांवर असेल तर दीड इंच. हातात धरायच्या कार्डावर अक्षराचा आकार २४ पॉइंटच्या खाली नेऊ नका. दोन ओळींत जागा सैल सोडा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो.

वर्ग बहुधा संध्याकाळी, ट्यूबलाइटखाली भरतात. चकचकीत लॅमिनेशनवर तोच दिवा चमकतो आणि निम्म्या वर्गाला चित्र दिसत नाही, मॅट घ्या. ताई स्कूटरवरून येत-जात असतील तर कापडावर छापून घ्या, गुंडाळी होते आणि पावसात कागदासारखी वाया जात नाही. उलटतक्त्याच्या पुढच्या बाजूला चित्र, मागच्या बाजूला शिकवणाऱ्यासाठी प्रश्न, म्हणजे मान वळवावी लागत नाही. सुरक्षेच्या तक्त्यात नुसत्या लाल-हिरव्या रंगावर अवलंबून राहू नका. काही पुरुषांना त्या दोन रंगांतला फरक दिसत नाही, म्हणून रंगासोबत आकारही बदला.

दोन गोष्टी आम्ही छापत नाही

हिशेब शिकवायला नोटांची चित्रं मागतात. नोटेसारखा दिसणारा कागद छापणं कायद्यानं गुन्हा आहे, त्यामुळे ते काम आम्ही घेत नाही. खऱ्या नोटा आणि सुटे पैसे घेऊन बसा. त्यांचे आकार आणि रंग शिकणाऱ्यांना आधीच पाठ असतात. दुसरं, इंटरनेटवरून उतरवलेले फोटो. शिक्षकानं वर्गात शिकवण्याच्या ओघात चित्र वापरायला कायद्यात सूट आहे, पण आम्ही ते छापून विकणं त्यात बसत नाही. आमचा चित्रकार नवं काढून देतो.

कच्ची प्रत

पक्की छपाई करण्याआधी आम्ही साध्या कागदावर काळी-पांढरी प्रत देतो. तिचे पैसे नाहीत. ती वर्गात लावा, काही न सांगता विचारा, "यात काय दिसतंय?" आणि जे उत्तर येईल ते तसंच्या तसं शिसपेन्सिलीनं कडेला लिहा, चूक-बरोबर न ठरवता. ज्या ठिकाणी दोघींनी वेगवेगळं सांगितलं तिथे गोल करा. ती खुणा केलेली प्रत आमच्याकडे आणा. चित्रकार तुमच्यासोबत बसून बदल करेल. नवं काम सकाळच्या वेळी आणलंत तर बरं, दुपारी मशीन चालू असतं आणि नीट बोलणं होत नाही.