गाईंचा क्षय आणि बॅजरचा बळी

१९७१ साली इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशरमध्ये एक मेलेला बॅजर, म्हणजे बिळात राहणारा एक रानटी प्राणी, सापडला. तपासणीत त्याला गाईंचाच क्षय निघाला. त्याआधी १९६० पर्यंत देशातला झाडून सगळा कळप तपासून झाला होता, बाधित गाई कापून रोग जवळजवळ आटोक्यात आला होता. नैर्ऋत्येकडच्या काही भागांत मात्र तो पुन्हा पुन्हा डोके वर काढत होता. का, याचे उत्तर कुणापाशी नव्हते. या बॅजरच्या रूपाने ते मिळाले असे वाटले, आणि पुढची पन्नास वर्षे वाद त्याच्याभोवतीच फिरत राहिला.

त्याआधीचा इतिहास माणसांचा आहे. क्षयाचा जंतू शोधणाऱ्या जर्मन शास्त्रज्ञाने १९०१ मध्ये लंडनच्या परिषदेत सांगितले, की गाईंच्या क्षयाची माणसाला फारशी भीती नाही. हे खोडून काढायला ब्रिटिश सरकारच्या आयोगाला दहा वर्षे लागली. तोवर कच्च्या दुधातून मुलांना गंडमाळा आणि हाडांचा क्षय होतच होता. दूध तापवून निर्जंतुक करण्याची पद्धत रुळली तसा माणसांमधला हा क्षय ओसरला. आता तो क्वचितच आढळतो. आढळला तर डॉक्टरांना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते: क्षयाच्या नेहमीच्या औषधांपैकी पायराझिनामाइड हे औषध या जंतूवर चालत नाही.

बॅजरांच्या बिळांत १९७५ पासून सायनाइडचा वायू सोडला जाऊ लागला. ही पद्धत क्रूर ठरून १९८२ मध्ये थांबली, पण पकडून मारणे चालू राहिले. खरा प्रयोग झाला तो १९९८ पासून. प्रत्येकी सुमारे १०० चौरस किलोमीटरचे ३० भाग निवडले. काही भागांत सगळीकडचे बॅजर मारले, काहींत फक्त रोग उठेल तिथले, तर काहींत एकालाही हात लावला नाही. रोग उठेल तिथे मारण्याने गाईंमधला क्षय उलट वाढताना दिसला, म्हणून प्रयोगातला तो प्रकार २००३ मध्येच बंद केला. सरसकट मारले तिथे क्षय सुमारे एक चतुर्थांशाने घटला, पण हद्दीबाहेरच्या दोन किलोमीटरच्या पट्ट्यात जवळजवळ तेवढाच वाढला. बॅजर आपापल्या हद्दी धरून राहतात. कुटुंब फुटले की उरलेले दूरवर भटकतात आणि रोगही सोबत नेतात. सुमारे ११ हजार बॅजर मारून झाल्यावर, २००७ मध्ये, तज्ज्ञांनी निष्कर्ष दिला, की या मार्गाने फारसे काही साधणार नाही. आयर्लंडमधल्या अशाच प्रयोगात मात्र चांगली घट दिसली होती.

तरीही २०१३ मध्ये इंग्लंडमध्ये परवाने देऊन कत्तल सुरू झाली. दहा वर्षांत दोन लाखांहून जास्त बॅजर गेले. त्या भागांत क्षय कमी झाला हे खरे, पण त्याच काळात गाईंच्या तपासण्याही कडक झाल्या होत्या. श्रेय कशाचे, हे वेगळे काढता येत नाही. माझ्या मते बॅजरवर इतकी नजर खिळली, की गाईंच्या खरेदी-विक्रीकडे दुर्लक्ष झाले. २००१ मध्ये लाळ्या-खुरकताच्या साथीत क्षयाची तपासणी थांबली, रिकाम्या गोठ्यांत बाहेरून न तपासलेली जनावरे आली आणि रोग नव्या मुलखात पोहोचला. विक्रीआधी तपासणीची सक्ती इंग्लंडमध्ये २००६ साली आली!

तपासणीही अचूक नाही. मानेवर वर-खाली दोन ठिकाणी केस कापून ट्यूबरक्युलिन, म्हणजे क्षयाच्या जंतूपासून काढलेला अर्क, टोचतात; एक पक्ष्यांच्या जंतूचे, दुसरे गाईंच्या. बहात्तर तासांनी कातडीची जाडी मोजतात. खालची, म्हणजे गाईंच्या जंतूची, सूज वरच्यापेक्षा चार मिलिमीटरहून जास्त भरली की जनावराला ‘रिऍक्टर’ ठरवून कापतात. या शब्दाने फार घोळ घातला आहे. रिऍक्टर म्हणजे आजारी गाय नव्हे. बहुतेकींमध्ये रोगाचे एकही लक्षण नसते, कापल्यावर कित्येकींच्या फुप्फुसांत गाठही दिसत नाही. उलट काही बाधित गाई चाचणीतून निसटतात आणि कळपात परत जातात.

गाईला लस का देत नाहीत, याचेही उत्तर या चाचणीतच आहे. बीसीजी लस मुळात गाईच्याच जंतूपासून, तेरा वर्षांत २३० वेळा वाढवत नेऊन, बनवलेली. लहान बाळांना ती १९२१ पासून देतात. पण लस टोचलेली गायही रिऍक्टर निघू शकते, म्हणून तिला ती मना आहे. लस घेतलेली आणि बाधित गाय वेगळी ओळखणाऱ्या चाचणीचे गोठ्यांवरचे प्रयोग ब्रिटनमध्ये २०२१ साली सुरू झाले.