आंब्यावरची भिरूड कीड: आधी भुसा पाहा

आंब्याची एखादी फांदी पिवळी पडून वाळायला लागली की संशय पाण्यावर नाहीतर खतावर जातो. त्याआधी बुंधा नीट बघावा. सालीतल्या भोकातून ओलसर भुसा बाहेर येत असेल, तर आत बॅटोसेरा रुफोमॅक्युलाटा या लांब शिंगांच्या भुंगेऱ्याची अळी असण्याची शक्यता मोठी. हीच भिरूड.

भुसा चिमटीत घेऊन बघा. भिरूड किडीचा भुसा सुटा, विष्ठा मिसळलेला, लाकडाचे जाड तंतू दिसणारा. रेशमी धाग्यांनी विणलेला भुसा सालीवर फितीसारखा चिकटला असेल, तर ती साल खाणारी अळी. वाळवी मातीचं लिंपण करते.

भुंगेरा ३.५ ते ५.५ सेंमी लांब, राखाडी-तपकिरी. मानेमागे पाठीवर मूत्रपिंडाच्या आकाराचे दोन नारिंगी-तांबडे ठिपके, दोन्ही कडांना एकेक काटा आणि पंखांच्या मुळाशी काळे दाणे. तो रात्री हिंडतो, म्हणून सहसा दिव्यापाशीच सापडतो.

नासाडी अळीची. मादी सालीला चीर पाडून त्यात एकेक अंडं घालते. बिनपायांची पिवळट अळी आधी सालीखाली आणि मग लाकडात पोखरत जाते, वाढून ९-१० सेंमी होते. तिचा बोगदा खोडाला वळसा घालून गेला, तर रस वर चढत नाही आणि धडधाकट दिसणारं झाडही मरतं.

ताज्या भुशाचं भोक साफ करून टोकाला आकडा केलेली लवचिक तार आत फिरवा. अळी निघाली नाही, तर पेट्रोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा आत सारून भोक चिखलाने लिंपा. इथेच बहुतेकांचं चुकतं: एका बोगद्याला अनेक भोकं असतात, एखादं उघडं राहिलं की वाफ निघून जाते. जुन्या सल्ल्यांत डायक्लोरव्हॉस हे कीटकनाशक सुचवलेलं असतं; भारतात त्यावर २०२० अखेरपासून बंदी आहे. सुमारे २ सेंमीचं, वाटोळं, कोरडं भोक मात्र भुंगेरा उडून गेल्याचं, तिथे औषध वाया.

वाळक्या फांद्या कापून तिथेच टाकू नका, जाळा. कापलेल्या लाकडातही अळीची वाढ पुरी होऊ शकते. बुंध्याशी पडलेला जुना भुसा झाडून घ्या. आठवड्याने नवा दिसला, तर अळी जिवंत आहे. बोळा काढून पुन्हा तार घाला.