अल्हाम्ब्रातले सिंह घड्याळ होते का?

फॉरवर्ड असा फिरतो: स्पेनमधल्या ग्रानादा इथल्या अल्हाम्ब्रा राजवाड्यात कारंज्याचे 12 सिंह एकेका तासाला आळीपाळीनं पाणी सोडत. पुढे जिंकणाऱ्यांनी ते उघडून पाहिलं आणि घड्याळ कायमचं बंद पडलं.

सिंह खरे आहेत, 14व्या शतकातले. आकडाही 12 असल्यानं घड्याळ चटकन पटतं. पण जलघड्याळाला हळूहळू भरणारी किंवा रिकामी होणारी टाकी लागते. इथे उलट आहे. मधल्या कुंडातल्या नळकांड्यात पाणी आत येण्याच्या आणि बाहेर जाण्याच्या वाटा अशा आहेत, की कुंडाची पातळी एकसारखी राहावी. सगळी तोंडं जवळपास एकाच उंचीवर, म्हणजे धारही सगळ्यांतून एकदमच. एखादी तोटी क्षारांनी बुजली तर तेवढा सिंह गप्प होतो. त्याचा तासाशी संबंध नाही.

पाणी चढवायला यंत्र नव्हतं. दार्रो नदीचं पाणी सुमारे 6 किलोमीटर वरून पाटानं आणलेलं, त्यामुळे दाब उताराचाच. अंगणात चार दिशांनी येणारे अरुंद संगमरवरी पाटही त्याच पाण्याचे.

तपासायचं असेल तर कुंडाच्या काठावर कोरलेल्या अरबी कवितेचा अनुवाद वाचा. पाणी, संगमरवर, सिंह, सगळ्यांचं भरभरून कौतुक आहे. तासांचा उल्लेख एकदाही नाही. एवढं अजब घड्याळ असतं, तर दरबारी कवीनं ते सोडलं असतं?