नदीतली बर्फाची चकती कोणी कापलेली नसते

नदीत संथ फिरणाऱ्या प्रचंड गोल बर्फाचा व्हिडिओ दर हिवाळ्यात मोबाईलवर येतो. सोबत ठरलेली ओळ असते, ‘परग्रहवासीयांची खूण’. हे खरे नाही.

2019 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या मेन राज्यात, वेस्टब्रुक गावाच्या प्रिझम्पस्कॉट नदीत सुमारे 300 फूट व्यासाची अशी चकती तयार झाली होती. बदके तिच्यावर निवांत बसून फिरत होती! ती कोणी करवतीने कापली नव्हती. नदीच्या वळणावर प्रवाह मंदावतो, तिथे भोवरा तयार होतो. त्यात अडकलेला बर्फ गोल फिरत राहतो, कडेच्या बर्फावर घासतो, कोपरे झिजतात. जात्याच्या दगडासारखी गोलाई आपोआप येते.

‘एवढी नेमकी गोलाई निसर्गात येतेच कशी?’ असे विचारणाऱ्यांनी नदीपात्रातले रांजणखळगे आठवावेत. निघोजला कुकडीच्या पात्रात भोवऱ्यात फिरणाऱ्या दगडगोट्यांनी कठीण बेसाल्ट कोरला आहे. बर्फ तर त्याहून कितीतरी मऊ.

आणखी एक सुंदर गोष्ट. पाणी 4 अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते. बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवले, की स्थिर, किंचित कोमट पाण्यातही बर्फाची चकती फिरते: तिच्याखाली 4 अंशांपर्यंत थंड झालेले पाणी जड होऊन बुडताना भोवरा धरते आणि चकतीला सोबत फिरवते. नदीतल्या मोठ्या चकत्यांना मात्र मुख्यतः प्रवाहच फिरवतो.