सामाईक ऑब्जेक्ट

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंगमध्ये एकदा तयार केलेला ऑब्जेक्ट (माहिती व तिच्यावरील क्रिया एकत्र बांधणारा घटक) क्लासमधील, म्हणजे ऑब्जेक्टच्या साच्यातील, अनेक मेथडना (क्रियांना) वापरता यावा, म्हणून तो एखाद्या मेथडच्या आत न ठेवता क्लासच्या पातळीवर, इन्स्टन्स व्हेरिएबलमध्ये (ऑब्जेक्टच्या स्वतःच्या, माहिती ठेवण्याच्या नाव दिलेल्या जागेत), ठेवण्याची पद्धत. ऑब्जेक्ट पॅरामीटर (मेथड चालवताना तिला पुरवलेली माहिती) म्हणून पुढच्या मेथडच्या हाती देणे आणि सबंध ॲपसाठी एकच ऑब्जेक्ट राखणे, म्हणजे सिंगलटन, हे त्याच गरजेतून निघालेले आणखी दोन मार्ग होत.

उगम : या पद्धतीच्या उगमाबद्दल एकमत नाही. अल्गोल ६० या प्रोग्रामिंग भाषेत ब्लॉक (एकत्र चालणाऱ्या विधानांचा गट) संपला की त्यातील स्थानिक व्हेरिएबल नाहीसे होत. त्याला अपवाद ‘ओन’ व्हेरिएबलचा. त्याची किंमत तो ब्लॉक पुन्हा चालेपर्यंत टिकत असे. काहींना सामाईक ऑब्जेक्टचे बीज येथेच दिसते. परंतु ‘ओन’ व्हेरिएबल ब्लॉकमागे एकच असे, ऑब्जेक्टगणिक वेगळे नसे, त्यामुळे हे मत फार ताणता येत नाही. दुसरा पक्ष आयव्हन सदरलँड यांच्या स्केचपॅड या संगणकावर आकृत्या काढण्याच्या प्रणालीकडे (१९६३) बोट दाखवतो. मूळ आकृती आणि तिच्या प्रती ही कल्पना त्यात स्पष्ट आहे. तिसरा पक्ष ऑस्लो येथील ऊले-यूहान डाल व क्रिस्टन न्यूगोर यांच्या सिम्युला ६७ या भाषेला मान देतो. या भाषेत क्लास म्हणजे ब्लॉकच, मात्र त्याची अंमलबजावणी संपल्यावरही त्याची स्मृतीतील जागा, व्हेरिएबल व कार्यपद्धतींसह, शिल्लक राहते. तिच्याकडे निर्देश करणारा कोणी असेपर्यंत ती वापरता येते. व्हेरिएबलचे आयुष्य मेथडच्या आयुष्यापासून तोडणे हा या विषयाचा गाभा आहे आणि भाषेचा नियम म्हणून तो सिम्युलामध्येच आलेला दिसतो. म्हणून हे मत अधिक ग्राह्य वाटते. डाल व न्यूगोर यांना २००१ चे ट्यूरिंग पारितोषिक मिळाले. मात्र सिम्युला ६७ च्या मूळ रूपात ऑब्जेक्टमधील व्हेरिएबल बाहेरूनही वाचता-बदलता येत. केवळ स्वतःच्या मेथडनाच ते खुले ठेवण्याची शिस्त ॲलन के व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात घडवलेल्या स्मॉलटॉक या भाषेत पक्की झाली.

कार्यतत्त्व : मेथडला हाक मारली, म्हणजे ती चालवायला सांगितली, की तिच्यासोबत त्या ऑब्जेक्टचा पत्ताही जातो. सी++ व जावात तो ‘धिस’ या नावाने न सांगता पोचतो; पायथॉनमध्ये ‘सेल्फ’ हा पहिला पॅरामीटर उघड लिहावा लागतो. त्या पत्त्यावरील व्हेरिएबल सर्व मेथडना एकच दिसते.

समजा, खानापूर तालुक्यातील एखाद्या दूध संकलन केंद्रासाठी जावात ॲप लिहिले आहे. एक मेथड लिटर घेते, दुसरी फॅट नोंदवते, तिसरी पावती छापते. प्रत्येक मेथडमध्ये ‘न्यू’ लिहून नोंदीचा ऑब्जेक्ट तयार केला, तर तीन वेगळ्या नोंदी होतात आणि पावतीवर लिटर शून्य येते. नोंद क्लासच्या पातळीवर जाहीर केली तरी एक फसगत उरते : पहिल्या मेथडमध्ये व्हेरिएबलच्या नावाआधी त्याचा प्रकार पुन्हा लिहिला गेला, की त्याच नावाचे नवे स्थानिक व्हेरिएबल जन्मते आणि वरचे ‘नल’च, म्हणजे रिकामेच, राहते. कंपायलर (कोडचे भाषांतर करणारा प्रोग्राम) हरकत घेत नाही. पुढे फॅट नोंदवतानाच ॲप बंद पडते. नवशिक्यांच्या कोडमध्ये हा दोष इतका नेहमीचा आहे, की तो शिकवताना वेगळा दाखवलाच पाहिजे.

आयुष्याचा प्रश्न : अँड्रॉइडमध्ये फोन आडवा केला किंवा भाषा बदलली, की ॲक्टिव्हिटी (ॲपचा एक पडदा सांभाळणारा ऑब्जेक्ट) सहसा मोडून नव्याने उभी केली जाते आणि तिच्या इन्स्टन्स व्हेरिएबलमधील ऑब्जेक्ट जातात. बेळगाव, निपाणी, खानापूर या पट्ट्यात हा दोष चटकन वर येतो. मराठी व कन्नड दोन्ही ठेवणाऱ्या ॲपमध्ये फॅट भरून झाल्यावर कोणी भाषा बदलली, तर अर्धी नोंद पुसली जाते. गूगलने २०१७ मध्ये मांडलेला व्ह्यूमॉडेल (पडद्याची माहिती ॲक्टिव्हिटीबाहेर सांभाळणारा घटक) अशा वेळी ऑब्जेक्ट टिकवतो. पण यंत्रणेने ॲपची प्रक्रियाच बंद केली तर तोही जातो, आणि नोंद डेटाबेसमध्येच हवी. यावर उपाय म्हणून ॲक्टिव्हिटी ‘स्टॅटिक’, म्हणजे ऑब्जेक्टऐवजी क्लासच्या मालकीच्या, व्हेरिएबलमध्ये धरून ठेवणे मात्र घातक होय, कारण मोडलेली ॲक्टिव्हिटी मग स्मृतीतून मोकळी होत नाही.

सिंगलटन हा १९९४ मध्ये गामा, हेल्म, जॉन्सन व व्लिसिडिस यांनी नोंदवलेल्या सॉफ्टवेअर-रचनेच्या २३ आराखड्यांपैकी एक. त्याने सोय होते, परंतु कोणती मेथड कशावर अवलंबून आहे हे झाकले जाते व चाचणी अवघड होते. त्यापेक्षा लागणारा ऑब्जेक्ट कन्स्ट्रक्टरमधून (ऑब्जेक्ट घडवताना चालणाऱ्या कोडमधून) आत देण्याकडे आता कल आहे. एकाच मेथडला लागणारा ऑब्जेक्ट मेथडमध्येच राहू द्यावा, हे अधिक योग्य.

सीमाभाग : बेळगाव हे १९९८ मध्ये स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय आहे. मराठी माध्यमातून आलेली मुले हा विषय इंग्रजी पुस्तकांतून शिकतात आणि आपसांत ‘वरती डिक्लेअर कर, मग सगळ्या मेथडला मिळतंय’ असे समजावतात. त्यांच्यासाठी मराठीत उदाहरणांसह लिहिलेल्या पाठांची निकड आहे.