होमस्कूलिंगच्या यादीत ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांपूर्वीची चित्रं आली कुठून?

अमेरिकेत मुलांना घरीच शिकवणाऱ्या आईबाबांकडे इतिहासाच्या चित्रांच्या पुस्तकांची यादी मागा, त्यात १९३० ते १९६० च्या काळातली पुस्तकं हमखास दिसतील. तिकडे राहणाऱ्या आपल्या लोकांनाही हेच आधी कोडं वाटतं, दरवर्षी ढीगभर नवीन पुस्तकं येतात मग ही आजीच्या लहानपणीची चित्रं का?

याचं मूळ खरं तर इंग्लंडमध्ये आहे. शार्लट मेसन या शिक्षणतज्ज्ञ बाई (१८४२-१९२३) म्हणायच्या की मुलांना सगळा रस काढून घेतलेली पाठ्यपुस्तकं देऊ नका, विषयावर मनापासून जीव असलेल्या एका माणसाने लिहिलेलं पुस्तक द्या. अमेरिकेत हा विचार पुन्हा जोरात पसरला तो सुझन शेफर मॅकॉले यांच्या १९८४ च्या पुस्तकामुळे, आणि वेळही अगदी जुळून आली कारण शिक्षणावर लिहिणारे जॉन होल्ट यांनी १९७७ मध्ये होमस्कूलिंगवालं नियतकालिक सुरू केलं होतं, एकेक राज्य कायदे बदलत होतं आणि १९९३ पर्यंत सगळ्या ५० राज्यांत घरी शिकवणं कायदेशीर झालं. १९९९ च्या सरकारी पाहणीत अशी साधारण साडेआठ लाख मुलं निघाली. मग करोनात तर कहरच झाला, २०२० च्या वसंतात शाळेच्या वयाची मुलं असलेल्या घरांपैकी ५.४ टक्के घरं होमस्कूलिंग करत होती ती शरद ऋतूपर्यंत ११.१ टक्के झाली.

आता या लोकांना मेसनबाईंच्या कसोटीला उतरणारी पुस्तकं हवी होती आणि तशी बरीचशी जुन्यातच सापडत होती, त्यातली कित्येक तर छपाईतून बाहेर गेलेली. मग होमस्कूलिंगसाठीच काम करणाऱ्या छोट्या प्रकाशकांनी ती पुन्हा छापायला घेतली. ब्यूटिफुल फीट बुक्स हे त्यातलं ठळक नाव, त्यांनी इंग्री आणि एडगर पॅरिन डोलेअर या जोडप्याची पुस्तकं परत आणली. इंग्री नॉर्वेच्या, एडगर म्युनिकमध्ये जन्मलेले, दोघं १९२० च्या दशकात अमेरिकेत आले. म्हणजे वॉशिंग्टन आणि लिंकन अमेरिकन मुलांना चित्रांतून सांगितले ते बाहेरून आलेल्या दोघांनी, ही गोष्ट मला फार आवडते.

त्यांची पद्धतही बघण्यासारखी आहे. ते कागदावर चित्र काढून छापायला देत नसत, लिथोग्राफीच्या जड चुनखडीच्या शिळेवर स्वतः चित्र काढायचे आणि प्रत्येक रंगाला वेगळी शिळा. म्हणून त्या पानांवर खडूने घासल्यासारखा दाणेदार पोत दिसतो जो साध्या छपाईत येत नाही, मुलं त्यावरून बोट फिरवतात. १९३९ च्या त्यांच्या 'अब्राहम लिंकन'ला १९४० चं कॅल्डेकॉट पदक मिळालं, अमेरिकेत मुलांच्या चित्रपुस्तकाला मिळणारा हा मोठा सन्मान.

पण हेच पुस्तक नीट बघा. शेवटी अमेरिकेतलं यादवी युद्ध संपतं आणि लिंकन झुलत्या खुर्चीत विसावतो, बस्स! त्याचा खून झाला ते फोर्ड थिएटर नाही, गोळी नाही. लहान मुलांसाठी हे मी समजू शकते, पण नेटिव्ह अमेरिकन लोक त्यात ज्या पद्धतीने रंगवलेत ते आज डोळ्याला टोचतं, आणि म्हणूनच पुढे आलेल्या नव्या आवृत्तीत काही चित्रं बदलली गेली. आणि लिंकन म्हटलं की गुलामांची मुक्ती आलीच, आपल्याला हा विषय परका नाही, जोतीरावांनी १८७३ ची 'गुलामगिरी' गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांनाच अर्पण केली होती. मराठी घरातल्या मुलाला लिंकन दाखवताना हे सांगितलंच पाहिजे आणि त्याचबरोबर मुक्त झालेली माणसं चित्रात कुठे उभी आहेत हेही विचारलं पाहिजे.

नवीन पुस्तक म्हणजे आपोआप बरं असंही नाही हं. २०१६ च्या जानेवारीत स्कोलास्टिक या मोठ्या प्रकाशनसंस्थेने वॉशिंग्टनच्या वाढदिवसाच्या केकवरचं एक चित्रपुस्तक बाजारातून मागे घेतलं, कारण त्यात हर्क्युलिस हा गुलाम स्वयंपाकी आणि त्याची मुलगी हसत हसत केक करताना दाखवले होते. खरा हर्क्युलिस १७९७ मध्ये माउंट व्हर्नन या वॉशिंग्टनच्या घरून पळून गेला, तोही २२ फेब्रुवारीला, वॉशिंग्टनच्या वाढदिवशीच.

आणखी एक गोष्ट या याद्यांमध्ये सहसा नसते आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. डोलेअर जोडप्याला पदक मिळालं त्याच सुमारास, १९४०-४१ मध्ये, न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये जेकब लॉरेन्स हा विशीतला कृष्णवर्णीय चित्रकार दक्षिणेतून उत्तरेकडे निघालेल्या लाखो कृष्णवर्णीयांच्या स्थलांतरावर ६० चित्रांची मालिका रंगवत होता. स्टेशनवरची गर्दी, गाठोडी, ओसाड पडलेली शेतं, थोडेसेच रंग आणि वर साधी वाक्यं, म्हणजे मुलांच्या पुस्तकासाठी सगळं तयारच होतं म्हणा ना. तरी ते मुलांच्या पुस्तकात आलं १९९३ मध्ये. ज्यांची यादी १९६० लाच संपते त्यांच्या घरात ते पोचतच नाही, त्यामुळे मला कोणी विचारलं तर डोलेअरचा लिंकन जरूर घ्या म्हणते, पण त्याच ऑर्डरमध्ये लॉरेन्सही मागवा.