केंद्रक गमावलेली पेशी

माणसाच्या शरीरात अंदाजे 30 लाख कोटी पेशी असतात आणि त्यांतल्या दर शंभरातल्या ऐंशीहून जास्त एकाच जातीच्या असतात: तांबड्या रक्तपेशी. शाळेच्या पुस्तकात आपण पेशीची जी आकृती काढतो, मधोमध केंद्रक, आजूबाजूला तंतुकणिका आणि बाकीची अंगकं, ती या पेशींना लागूच पडत नाही. अस्थिमज्जेत तयार होताना तांबडी पेशी आपलं केंद्रक बाहेर टाकून देते. तंतुकणिकाही जातात. उरतं ते हिमोग्लोबिनने गच्च भरलेलं पोट आणि त्याभोवतीचं पेशीपटल.

एवढ्या तुटपुंज्या सामानावर ही पेशी सुमारे 120 दिवस जगते. बिघडलेलं प्रथिन बदलायचं म्हटलं तर ते बनवण्याचा आराखडाच तिच्याजवळ नसतो. तरी ती हजारो वेळा हृदयातून फिरून येते, आणि तिचं हे जगणं जवळजवळ सगळं पटलाच्या जोरावर चालतं. पेशी समजून घ्यायची तर केंद्रकापासून सुरुवात करायची, असा आपला रिवाज आहे. मला वाटतं, सुरुवात पटलापासून करावी. पेशीचा ‘आत’ आणि ‘बाहेर’ हा फरकच मुळी पटलामुळे निर्माण होतो. पटल फाटलं की काही क्षणांत आतलं सगळं रसायन आजूबाजूच्या पाण्यात मिसळून जातं.

पटलाबद्दल आज जे ठाऊक आहे त्यातला फार मोठा भाग या तांबड्या पेशीनेच शिकवला, आणि त्याचं कारण साधं आहे. इतर पेशींमध्ये केंद्रकाचं पटल, तंतुकणिकांची पटलं अशी पटलांची सरमिसळ असते. तांबड्या पेशीत बाहेरचं एकच. पेशी फार सौम्य मिठाच्या पाण्यात टाकली की ती फुगते, तिचं पटल फाटतं आणि हिमोग्लोबिन बाहेर सांडतं. नंतर धुऊन घेतलं की नुसती पांढुरकी, रिकामी पटलं हाती लागतात. प्रयोगशाळेत त्यांना ‘घोस्ट’ म्हणतात. रक्त मिळवणंही सोपं, त्यामुळे पटलाचा अभ्यास करणाऱ्यांच्या कित्येक पिढ्या या घोस्टवर काम करत आल्या.

पटल कशाचं असतं, याचा पहिला धागा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अर्नेस्ट ओव्हर्टन यांना झुरिकमध्ये सापडला. जे पदार्थ तेलात सहज विरघळतात ते पेशीतही सहज शिरतात, असं त्यांच्या लक्षात आलं. म्हणजे पेशीभोवतीचं आवरण स्निग्ध पदार्थाचं असणार. पण किती जाड? याचं उत्तर 1925 मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये मिळालं. एव्हर्ट गॉर्टर हे बालरोगतज्ज्ञ. त्यांनी एफ. ग्रेंडेल यांच्यासोबत माणूस, कुत्रा, ससा, शेळी अशा प्राण्यांच्या तांबड्या पेशी घेतल्या आणि ॲसिटोन वापरून त्यांतले स्निग्ध पदार्थ वेगळे काढले. हे पदार्थ पाण्यावर टाकले की एका रेणूएवढ्या जाडीचा थर होऊन पसरतात. त्या थराचं क्षेत्रफळ त्यांनी मोजलं आणि पेशींच्या एकूण पृष्ठभागाशी ताडून पाहिलं. ते जवळजवळ दुप्पट भरलं. निष्कर्ष असा की पेशीभोवती या रेणूंचे दोन थर आहेत.

या प्रयोगात दोन चुका होत्या, आणि मला त्या शिकवण्याजोग्या वाटतात. ॲसिटोनने सगळे स्निग्ध पदार्थ निघत नाहीत, काही मागे राहतात. दुसरीकडे, त्यांनी पेशीचा पृष्ठभाग सुमारे 100 चौरस मायक्रोमीटर धरला होता, प्रत्यक्षात तो 140 च्या आसपास असतो. एका चुकीने क्षेत्रफळ कमी आलं, दुसरीने भागाकारातली खालची संख्याही कमी आली, आणि गुणोत्तर ठीक दोन निघालं. काटेकोर मोजलं तर ते दोनपेक्षा कमी येतं, कारण पटलाचा बराच पृष्ठभाग प्रथिनांनी व्यापलेला असतो. दोन थरांचा निष्कर्ष मात्र खरा ठरला. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहिल्यावर पटलाच्या दोन समांतर काळ्या रेषा दिसल्या.

हे दोन थर कुणी बांधत नाही. पटलातला मुख्य स्निग्ध पदार्थ म्हणजे फॉस्फोलिपिड. त्याच्या रेणूचं डोकं पाण्याजवळ राहू पाहतं आणि त्याच्या दोन लांब शेपट्या पाण्यापासून पळतात. असे पुष्कळ रेणू पाण्यात आले की शेपट्या आपोआप आतल्या बाजूला समोरासमोर येतात आणि डोकी दोन्हीकडे पाण्याला लागून राहतात. जाडी जेमतेम 5 नॅनोमीटर. यातला प्रत्येक रेणू शेजाऱ्याशी सेकंदाला लाखो वेळा जागा बदलतो, पण एका थरातून दुसऱ्या थरात आपणहून क्वचितच उलटतो, कारण त्यासाठी डोकं तेलकट भागातून ओढून न्यावं लागतं. शेपट्यांच्या मधे कोलेस्टेरॉल बसलेलं असतं. तांबड्या पेशीत त्याच्या रेणूंची संख्या जवळपास फॉस्फोलिपिडइतकीच असते. कोलेस्टेरॉल म्हणजे नुसता धोका, अशी समजूत असलेल्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की त्याच्यावाचून आपल्या पेशींचं पटल धड टिकणार नाही. प्रथिनंही या थरात सरकतात. 1970 मध्ये फ्राय आणि एडिडिन यांनी माणसाची आणि उंदराची पेशी एकत्र जोडली. दोघांच्या पृष्ठभागावरची प्रथिनं वेगवेगळ्या रंगांनी खुणावलेली होती. शरीराच्या तापमानाला 40 मिनिटांत दोन्ही रंग एकमेकांत मिसळून गेले. 1972 मध्ये सिंगर आणि निकोल्सन यांनी हे सगळं एका चित्रात बसवलं: प्रवाही स्निग्ध थर आणि त्यात रुतलेली प्रथिनं.

आता पेशीच्या आकाराकडे वळू. तांबड्या पेशीत साधारण 90 घन मायक्रोमीटर ऐवज मावतो. तेवढ्यासाठी गोल चेंडूला 97 चौरस मायक्रोमीटरचं आवरण पुरलं असतं. पेशीजवळ 140 आहे. हे जे 40 टक्क्यांहून जास्तीचं आवरण आहे, त्यावरच तिचं आयुष्य अवलंबून आहे. तिचा व्यास 7 ते 8 मायक्रोमीटर, आणि प्लीहेतल्या ज्या फटींमधून तिला जावं लागतं त्या जेमतेम 1 मायक्रोमीटरच्या. पटल ताणता येत नाही, क्षेत्रफळ तीन-चार टक्क्यांनी वाढलं तरी ते फाटतं. पण सैल असल्यामुळे ते वळतं, दुमडतं आणि पलीकडे गेल्यावर पूर्ववत होतं. त्याला आतून आधार देणारं स्पेक्ट्रिन नावाच्या लांब प्रथिनांचं जाळं असतं. ज्यांच्यात हे जाळं किंवा त्याचे टाके जन्मतः सदोष असतात, त्यांच्या पेशी पटलाचे तुकडे गमावत जातात आणि गोल होतात. गोल पेशी फटीत अडकते आणि प्लीहा तिला मोडून टाकते. अशा माणसाला कावीळ आणि रक्तक्षय दोन्ही होतात. हिमोग्लोबिनमध्ये काहीही दोष नसताना!

पटलातून काय जाऊ द्यायचं हे प्रथिनं ठरवतात. ऑक्सिजनसारख्या लहान रेणूंना दार लागत नाही, ते थेट स्निग्ध थरातून जातात. पाणीही थोडं झिरपतं, पण तांबड्या पेशीत ते ज्या वेगाने ये-जा करतं त्याचा हिशेब नुसत्या झिरपण्याने लागत नव्हता. बाल्टिमोरमध्ये पीटर ॲग्रे यांचा गट रक्तगटाच्या आरएच प्रथिनाचा अभ्यास करत असताना त्यांना तांबड्या पेशीच्या पटलात एक भलतंच प्रथिन मुबलक प्रमाणात सापडलं. ते काय करतं, कुणालाच माहीत नव्हतं. 1992 मध्ये त्यांनी हे प्रथिन बनवण्याचा संदेश (आरएनए) बेडकाच्या अंड्यांत घातला आणि अंडी कमी क्षारांच्या पाण्यात ठेवली. साधी अंडी तशीच राहिली. प्रथिन असलेली अंडी भराभर फुगून फुटली. हे प्रथिन म्हणजे पाण्याची वाट होती, तिला ॲक्वापोरिन म्हणतात. ॲक्वापोरिनच्या एका छिद्रातून सेकंदाला सुमारे 300 कोटी पाण्याचे रेणू एकामागे एक जातात, पण हायड्रोजनचा आयन त्यांच्यासोबत निसटू शकत नाही. ॲग्रे यांना 2003 मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मूत्रपिंडात दिवसाला जवळपास 180 लिटर द्रव गाळला जातो आणि आपण लघवी करतो ती दीड-दोन लिटर. बाकीचं पाणी रक्तात परत आणण्याच्या कामात हीच दारं असतात.

शिरेतून नुसतं पाणी कधीच का देत नाहीत, तेही इथेच कळतं. 0.9 टक्के मिठाच्या सलाइनमध्ये पेशी जशीच्या तशी राहते. शुद्ध पाणी गेलं तर ते याच वाटांनी पेशीत शिरेल आणि पेशी फुटतील.

ग्लुकोजचं दार वेगळं. स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशींत ग्लुकोजची बरीच दारं आत दडलेली असतात, इन्सुलिनचा निरोप आला की ती पृष्ठभागावर येतात. तांबडी पेशी इन्सुलिनची वाट पाहत नाही. तिच्या पटलावर ग्लुट-1 नावाची दारं सदैव हजर असतात, त्यामुळे रक्तात जेवढी साखर तेवढीच साधारण पेशीच्या आत. ही साखर हिमोग्लोबिनला हळूहळू चिकटत जाते आणि पेशी मोडेपर्यंत चिकटून राहते. मधुमेह्यांना डॉक्टर ‘तीन महिन्यांची साखर’ म्हणून जी एचबीए1सी तपासणी सांगतात, ती या दारावर आणि पेशीच्या 120 दिवसांच्या आयुष्यावर उभी आहे. म्हणूनच नुकताच मोठा रक्तस्राव झालेला असेल किंवा पेशी लवकर मोडण्याचा आजार असेल, तर हा आकडा फसवा निघतो. कारण रक्तातल्या पेशी तेव्हा सरासरीने कोवळ्या असतात. अशा रुग्णाने तपासणीपूर्वीच डॉक्टरांना तसं सांगावं.

ही दारं उताराच्या दिशेने उघडतात, जास्तकडून कमीकडे. चढावर ढकलायला पंप लागतो. डेन्मार्कच्या येन्स स्कौ यांनी 1957 मध्ये खेकड्याच्या चेतातंतूंमध्ये सोडियम-पोटॅशियम पंपाचं विकर ओळखलं, त्यासाठी त्यांना 1997 मध्ये नोबेल मिळालं. हा पंप एका फेरीत तीन सोडियम बाहेर काढतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो, हा हिशेब मात्र रॉबर्ट पोस्ट यांनी माणसाच्या तांबड्या पेशींवर मांडला. पंपामुळे या पेशीतलं पोटॅशियम बाहेरच्या वीस-पंचवीस पट असतं. रक्तपेढीत पिशवी थंडीत ठेवली की पंप मंदावतो, गळती मात्र चालू राहते, आणि दिवसागणिक पोटॅशियम बाहेरच्या द्रवात साठत जातं. प्रौढ माणसाला एखाद-दुसरी पिशवी देताना ते निभावतं. नवजात बाळाला मोठ्या प्रमाणात रक्त द्यायचं असेल तर डॉक्टर शक्य तितकं ताजं रक्त मागतात. पोटॅशियम अचानक वाढलं तर बाळाचं हृदय थांबू शकतं.

पटलाच्या बाहेरच्या अंगाला साखरेच्या रेणूंच्या छोट्या साखळ्या असतात. आपले ए, बी, ओ रक्तगट म्हणजे या साखळ्यांच्या टोकाचा एकेका शर्करेचा फरक. सगळ्यांच्या मुळाशी ‘एच’ नावाचं टोक असतं. त्याला एक शर्करा जोडली की ए, दुसरी जोडली की बी, काहीच जोडलं नाही की ओ. म्हणजे ओ गटाच्या पेशीवर एच उघडं असतं. 1952 मध्ये मुंबईच्या डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अशा व्यक्तींची नोंद केली ज्यांच्या पेशींवर एचसुद्धा नव्हतं. हाच बॉम्बे रक्तगट. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा असतो. एच नसल्याने ए-बी जोडायला जागाच नाही, म्हणून नेहमीच्या चाचणीत हे रक्त ओ दिसतं. पण या माणसाच्या रक्तद्रवात एचविरुद्ध प्रतिपिंडं असतात. ‘सगळ्यांना चालतं’ असं ज्याला आपण म्हणतो ते ओ रक्त त्याला दिलं, तर नव्या पेशी त्याच्या शिरांमध्येच फुटतील. त्याला फक्त दुसऱ्या बॉम्बे गटाच्या माणसाचं रक्त चालतं.

ही टोकं ओळखायला रक्तपेढ्या बियांचे अर्क वापरतात, हे फार थोड्यांना माहीत असतं. एच ओळखायला युलेक्स नावाच्या युरोपातल्या काटेरी झुडपाच्या बिया लागतात. आणि ए गटातला ए-1 हा उपप्रकार वेगळा काढायला लागतो आपला कुळीथ! कुळथाच्या दाण्यांतलं एक प्रथिन ए-1 पेशींवरच्या शर्करेला धरतं आणि पेशींच्या गुठळ्या करतं. जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी 1951 मध्ये ‘करंट सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात ही गोष्ट प्रसिद्ध केली. कोकणात ज्याचं पिठलं होतं तेच हे कडधान्य.

एच बनवणाऱ्या जनुकाची बिघडलेली प्रत आई आणि वडील दोघांकडून आली तरच बॉम्बे गट होतो. त्यामुळे अशा माणसाच्या सख्ख्या भावंडांपैकी प्रत्येकाचा हाच गट असण्याची शक्यता निदान चारांत एक असते. ज्याच्या अहवालात हा गट निघाला, त्याने आधी आपल्या भावाबहिणींची तपासणी करून घ्यावी आणि सगळ्यांची नावं जवळच्या रक्तपेढीत नोंदवून ठेवावीत. शस्त्रक्रियेची तारीख आधी ठरलेली असेल तर त्याचं स्वतःचं रक्त आधी काढून साठवून ठेवता येतं.